इतिवृत्तात न आलेलं

जानेवारी. उणे एकोणतीस.
मिनेसोटाच्या उत्तर टोकाला आमचं सभागृह,
हीटर खोकतो आहे,
आणि मी, सभेची कारकून,
अंडी उकडायचं घड्याळ टेबलावर ठेवून बसले आहे.
माणशी तीन मिनिटं.
कंपनीच्या वकिलाला तीन, गोठेवाल्याला तीन.

ठराव क्रमांक सात:
तारेतून जे जाईल ते सारखंच जाईल.
तार ज्याची, त्याने आत डोकावू नये,
पैसे घेऊन कुणाला पुढे काढू नये,
कुणाला तिष्ठत ठेवू नये.
एवढंच. मला यात वादाचं काय ते कळेना.
आमच्या चर्चच्या तळघरातल्या जेवणात
पंक्तिप्रपंच करणारीला
पुढच्या वर्षी पळी मिळत नाही.

ब्रॅडफर्ड लूमिस राजधानीहून आलाय,
बुटांना अजून रस्त्यावरचं मीठ लागलेलं नाही.
पडद्यावर दोन रस्ते दाखवतो.
साधा कुणी बंद करत नाही हो, म्हणतो,
वेगवान फक्त जास्तीचा आहे.
वेगवान रस्त्यावर लाल मोटार काढली आहे,
साध्यावर काहीच नाही.
मग म्हणतो, आणि हे काही खोटं नाही:
नळी अमर्याद नसते.
रुग्णवाहिका आणि मांजरांचे व्हिडिओ
एकाच रांगेत उभे करणार का?
घड्याळ वाजलं.
वाक्य अर्ध्यावर सोडून तो बसला. सभ्य माणूस.

ग्रंथपाल रोवेना म्हणाली,
मुलं रात्री ग्रंथालयाच्या पायरीवर बसून गृहपाठ पाठवतात.
पडद्यावर चक्र फिरत राहतं,
आणि ती त्याच्याकडे बघत राहतात,
शेकोटीकडे बघावं तशी.

मग ऑन्सगर ट्वेट उठला.
चाळीस हिवाळे काउंटीचा बर्फ काढतो आहे.
टोपी हातात. कागद नाही.

"मला तारेतलं कळत नाही. रस्त्यातलं कळतं.
वादळ आलं की आधी दवाखान्याचा रस्ता, मग शाळेचा,
मग नकाशात येतील तसे.
दवाखाना आधी, कारण तिथे माणसं मरतात.
त्यासाठी दवाखान्याने मला कधी काही दिलं नाही.
फरक तेवढाच आहे, साहेब.
आणि तो मला ठाऊक आहे, कारण..."

थांबला. टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"कारण अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत
सरोवराकाठच्या नव्या बंगल्यातल्या माणसाने
माझ्या केबिनमध्ये व्हिस्कीची बाटली ठेवली.
एकच. बोलला काही नाही.
फाट्यावर मी पातं उजवीकडे वळवलं.
चाळीस मिनिटांचं काम.
डावीकडे सोल्बर्गांचा गोठा होता.
दुधाचा टँकर फाट्यावरून परत गेला."

तिसऱ्या रांगेत सुया थांबल्या.
इंगा सोल्बर्ग, बसल्या जागेवरून, नाव न नोंदवता:
"दोन दिवसांचं दूध बर्फात ओतलं आम्ही.
पांढऱ्यावर पांढरं. ओतलेलं दिसतसुद्धा नव्हतं.
छत्तीस वर्षं मी वादळाला बोल लावते आहे."

"तेच," ऑन्सगर म्हणाला. "तेच सांगायचं होतं.
दार बंद केलं तर माणूस दार ठोठावतो.
उशीर केला
तर तो हवामानाला दोष देतो."

पुढे काही सुचलं नसावं त्याला.
टोपी घातली, सभागृहात आहोत हे आठवून काढली, बसला.

मी लिहिलं:
श्री. ट्वेट, ठरावाच्या बाजूने.
श्रीमती सोल्बर्ग, नोंदणीविना, विषय सोडून.
मतदान पुढच्या सभेत.

लिहिलं नाही ते हे:
घड्याळ तीन मिनिटांवर आलं
तेव्हा माझा अंगठा घंटेवर होता,
आणि तो मी तिथेच ठेवला,
जवळजवळ दोन मिनिटं.
लूमिसने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
म्हणाला काही नाही.
त्याला बहुतेक वाटलं असेल,
घड्याळ जुनं आहे,
थंडीने अडकलं असेल.